तुम्ही विचारलंत म्हणून: उन्हाळ्यात झाडांना पाणी कुठून आणता?

"काकू, नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही अन् तुमच्या गच्चीवर भेंडी कशी?"

लातूरच्या माणसाने हे विचारलं की त्यात कौतुक कमी आणि संशय जास्त असतो. संशय रास्तच आहे. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आणून हे शहर जगवलं. त्या उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर कोरफड आणि कढीपत्ता सोडून काही नव्हतं. पावसाने बरं दिलेल्या वर्षी मात्र मी लावते. आणि झाडांसाठी म्हणून वेगळं पाणी आणतच नाही. घरात एकदा वापरलेलं पाणी जेवढं निघेल तेवढीच झाडं, एवढा साधा हिशेब.

तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, आणि नळ आला की 'शिळं झालं' म्हणून ओतून द्यायची जी खोड आपल्याकडे आहे ते पाणी, सगळं मोरीजवळच्या बादलीत जमा होतं. साबणाचं त्यात जात नाही. आरओच्या नळीतलंही नाही. हे दुसरं ऐकून बऱ्याच जणी चमकतात, कारण ते स्वच्छ दिसतं. पण आमच्या बोअरचं पाणी मुळात जड, आणि त्यातले क्षार गाळून आरओ त्याच नळीवाटे बाहेर टाकतो. ते रोज घातलं की कुंडीतल्या मातीवर पांढरी खपली धरते आणि पानांच्या कडा करपतात. त्याने फरशी पुसावी, संडासात टाकावं.

पाणी मिळवण्यापेक्षा ते टिकवणं जास्त कठीण. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे गेला की वरून घातलेलं पाणी मुळापर्यंत पोचायच्या आत उडतं. म्हणून मोठ्या ड्रममध्ये मधोमध एक कच्चं, बिनरंगाचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं आणि पाणी त्यात भरायचं, वर झाकणी. ते आतल्या आत झिरपत राहतं आणि मुळं आपणहून मडक्याला बिलगतात. मातीवर चांगला चार बोटं उसाच्या पाचटाचा थर. पाचटाला आपल्याकडे तोटा नाही; एवढा ऊस लावल्याचा गच्चीला तरी काही फायदा व्हावा. वरून हिरवी जाळी, किंवा जुनी सुती साडी. काळ्या कुंड्यांना बाहेरून चुना मारायचा. पाणी घालायचं ते दिवस उगवायच्या आधी.

आता काय लावायचं. टोमॅटोचा नाद सोडा. पस्तीसच्या वर गेलं की त्याची फुलं गळतात, तुम्ही कितीही लाड करा. गवार, भेंडी, दोडका, तांदुळजा, चिवळ ही उन्हाला मानणारी मंडळी. भेंडीत मी परभणीच्या कृषी विद्यापीठाची 'परभणी क्रांती' लावते. पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या केवडा रोगाला ती बऱ्यापैकी तोंड देते. गवारीला तर पाणी जास्त झालं तरच ती रुसते. काकडी लावते, पण तिचं पाणी एक-दोन दिवस चुकलं की कडू झालीच समजा. पुदिना माठाखाली ठेवलाय, ठिबकणाऱ्या थेंबांवर जगतो.

दोडक्याबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगते, कारण "वेल भरपूर, फुलं भरपूर, फळ एक नाही" ही तक्रार दर उन्हाळ्यात येते. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं. नर फुलांचा घोस असतो, मादी फूल एकेकटं, आणि तिच्या मागे करंगळीएवढा, शिरा उठलेला दोडका आधीपासून असतो. गच्चीवर त्या वेळी कीटक फिरकले नाहीत तर तो दोन दिवसांत पिवळा पडून गळतो. मग चहा झाला की वर जायचं, ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मधला पिवळा पराग मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवायचा. बोटाला पिवळी भुकटी लागली म्हणजे काम झालं. आमच्या सासूबाई हे बघून म्हणायच्या, "लग्नं लावायला वर चालली बघा."

पैसे वाचतात का, हेही विचारतात. नाही. मंडईत गवार माझ्यापेक्षा स्वस्त पडते, आणि कुटुंबाला पुरेल एवढं गच्चीवर निघत नाही. मला मिळते ती चिवळ. बाजारात ती येते, पण दुपारपर्यंत मान टाकते आणि मातीनेच निम्मं वजन भरतं. घरची ताजी खुडायची, बारीक पानांची, किंचित आंबटखारट. तीन-चार पाण्यांतून काढायची (तेही पाणी बादलीत), भिजवलेली मुगाची डाळ, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची. मीठ नेहमीपेक्षा कमी, तिचं तिलाच असतं. ज्वारीची भाकरी आणि सोबत कैरीचा तक्कू: किसलेली कैरी, कांदा, गूळ, तिखट, वरून मोहरी-हिंगाची फोडणी. दुपारी याहून जड काही गळ्याखाली उतरतच नाही. आंब्याचं तेवढं मी बाहेरचं बघते. अक्षय्य तृतीयेला पितरांना रस दाखवला की आमच्याकडे आंबा सुरू, आणि मराठवाड्याचा केसर बाजारात असेपर्यंत हापूसची चौकशी मी तरी करत नाही.

"आता एप्रिल लागला, आता लावलं तर येईल का?" दोडका-काकडीला उशीर झाला, ते होळीच्या आसपासच. तांदुळजा मात्र आजही टाका. एखादा उथळ टब, बी मातीत मिसळून फेकायचं, वरून ओलं पोतं, कोंब दिसले की पोतं काढायचं. महिन्याच्या आत पहिली खुडणी होते. मुळासकट उपटू नका, शेंडा खुडा, पुन्हा फुटतो. बाकीच्या हौशी मृगापर्यंत थांबू द्या.