खाडा

सोमवार, रात्र

संध्याकाळी आमच्या नाशिकच्या निरीक्षणगृहात, म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना चौकशी चालू असताना ठेवतात तिथे, एक नवा मुलगा दाखल झाला. सोबतचे दोन पोलीस साध्या कपड्यांत होते. तसंच यावं लागतं त्यांना. मुलाला बेडी घालायची नाही, लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे उभं करायचं, हे सगळं २०१५च्या बाल न्याय कायद्यात आणि त्याच्या नियमांत आहे. तरी एकाच्या पायात खात्याचे तांबडे बूट होतेच. पोरं आधी बूटच बघतात.

दाखल करून घेताना जमा वस्तूंची यादी करायची असते. काळा दोरा, स्टीलचं कडं, बेल्ट, दहाच्या दोन नोटा आणि मोबाईलचं रिकामं कव्हर. मोबाईल मुद्देमालात गेला, कव्हर याच्याकडेच राहिलं. त्यावर महादेवाचं चित्र. बेल्ट काढून घेतल्यामुळे पोरगा एका हाताने पँट धरून उभा. त्याला नाडीची पँट दिली तेव्हा कुठे दोन्ही हात मोकळे झाले. यादी वाचून दाखवली, सही घेतली. सही कसली, पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, परीक्षेच्या पेपरवर लिहितात तसं.

नाव मी इथे लिहीत नाही. कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड करता येत नाही, आणि तो नियम मला स्वतःलाही पटतो. मुलांनी त्यावर आपला उपाय काढलाय, ती एकमेकांना गावाच्या नावाने हाका मारतात. मालेगाव, सिन्नर, अंबड, देवळाली. आजचा पंचवटीतला, म्हणून पंचवटी.

काय केलंस, असं आम्ही काळजीवाहकांनी विचारायचं नाही, हा माझा शिरस्ता. ते परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) विचारतील, मंडळ विचारेल. पण जेवणाच्या पंगतीत दहा मिनिटांत प्रश्न आलाच. "कशात आलास?"

"गाडीत."

म्हणजे गाडीचोरीत. इथली उत्तरं अशीच असतात, एका शब्दाची. गाडीत, मोबाईलमध्ये, मारामारीत. एखादा मान ताठ करून सांगतो, "तीनशे सात." १ जुलै २०२४ला भारतीय न्याय संहिता आली, खुनाच्या प्रयत्नाचं कलम आता १०९ झालं, पोलिसांच्या कागदावरही तेच असतं. पण १०९ला अजून वजन नाही. पोरं तीनशे सातच सांगतात.

मंगळवार

मंडळाची बैठक होती. आमच्याच आवारात बसतात. एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक सदस्य, त्यांत एक तरी बाई असायलाच हवी. उंच चौथरा नाही, पिंजरा नाही, साधं टेबल. पहिल्यांदा आलेली मुलं खोलीत शिरून इकडेतिकडे बघत राहतात, जज कुठे बसलाय ते शोधत.

आज सिन्नरचा विषय निघाला. त्याचा जामीन मागच्या आठवड्यातच झालाय. मुलांच्या बाबतीत जामीन देणं हाच नियम, मग गुन्हा जामीनपात्र असो वा नसो. सुटल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याच्याच जिवाला किंवा मनाला धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच फसेल, असं दिसलं तरच नाकारतात. कायदा असा उदार आहे. सिन्नर मात्र अजून इथेच, कारण जामीनदार मिळाला नाही आणि न्यायला कोणी आलं नाही.

जामिनाच्या अटी सात दिवसांत पुऱ्या झाल्या नाहीत तर मुलाला परत मंडळापुढे आणून अटी बदलून घ्यायच्या, अशीही तरतूद आहे. आज तेच झालं. जामीनदाराची अट काढली. आता पालकाचं हमीपत्र आणि सही, बस्स.

वडील सुरतेला गेलेत, फोन लागत नाही. आई मुसळगाव एमआयडीसीत ठेकेदाराकडे पॅकिंगला. दुपारच्या सुट्टीत फोन लावला. मागे मशीनचा आवाज.

"साहेब, या महिन्यात दोन खाडे झालेत. एक पोलीस ठाण्यात, एक तुमच्याकडं. तिसरा पडला तर सुपरवायझर गेटवरनंच मागं पाठवतो. शनिवारी येते, पोराला सांगा."

त्याला सांगितलं. त्याने विचारलं, "रागात होती का?"

म्हटलं, "कामावर होती."

लोकांना वाटतं या मुलांना आम्ही कुलूप लावून अडवतो. कुलूप आहेच, नाही कशाला म्हणू? पण आदेश निघाल्यावरही जे दिवस जातात, ते बहुतेक वेळा घरच्यांच्या हजेरीपुस्तकातले असतात. कायद्यात सगळी मुदत दिवसांत मोजलेली आहे. चोवीस तास, सात दिवस, सामाजिक तपासणी अहवालाला पंधरा दिवस, चौकशीला चार महिने. त्यातला प्रत्येक दिवस कोणत्या तरी बाईच्या रोजंदारीतून कापला जातो, ते कुठल्याच कलमात येत नाही. वकील मोफत मिळतो, तारखेला यायचा खाडा कोण भरून देणार?

बुधवार

दिवसभर पाऊस. मैदानावर पाणी, म्हणून कॅरम. पावडरवरून भांडण. रात्री लाईट गेली, तासाभराने आली. बाकी काही नाही.

गुरुवार

सकाळी ड्यूटीवरून सुटल्यावर टपरीवर चहा घेत होतो. कोणीतरी कोयत्याचा व्हिडिओ दाखवला आणि नेहमीचं सुरू. तुमच्याकडचेच ना हे? अठराच्या आत असले की सुटतात, म्हणून तर माजलेत.

मी सहसा वाद घालत नाही. आज घातला. सोळा ते अठराचा मुलगा आणि गुन्हा अतिगंभीर, म्हणजे किमान सात वर्षं शिक्षेचा, असेल तर मंडळ आधी त्याची समज आणि परिस्थिती तपासतं आणि खटला बाल न्यायालयाकडे पाठवू शकतं. सरसकट कोणी सुटत नाही. पण टपरीवर कोणीच विचारत नाही तो प्रश्न वेगळाच आहे. पोराच्या हातात कोयता दिला कोणी? गाडी उचलायला पोराला पुढे करणारा 'भाई' चांगला पंचविशीचा असतो, आणि अठराच्या आतल्याला काय होतं आणि काय नाही, हे त्याला आमच्यापेक्षा चांगलं पाठ असतं. मुलांना असं वापरणाऱ्या मोठ्यांना सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड आहे, कलम ८३. ते कलम मी टपरीवरच्या कोणाच्या तोंडून कधी ऐकलं नाही. पोराचा व्हिडिओ मात्र पन्नास ग्रुपवर फिरतो, चेहऱ्यासकट.

चहा गार झाला तो झालाच. चहावाल्याने दुसरा दिला, पैसे घेतले.

पंचवटी आज पहिल्यांदा दोन चपात्यांच्या वर जेवला. 'भाई'कडून फोन येईल, वकील येईल, अशी त्याची खात्री आहे. त्याचा भाई अजून तरी फिरकलेला नाही. पंचवटीचे आजोबा आले होते, पिशवीत चार पेरू घेऊन.

शनिवार

सिन्नरची आई साडेअकराला आली. सकाळच्या एसटीने निघाली होती, नाशकात द्वारका चौकातल्या गर्दीत अडकली. द्वारकेला कोण अडकत नाही म्हणा. मुलगा समोर आला, तर तिने आधी त्याच्याकडे बघितलंच नाही, मला विचारलं, "जेवतो का नीट?" मग त्याच्याकडे वळून, "नखं काप."

हमीपत्र वाचून दाखवलं. मुलाला वाईट संगतीपासून दूर ठेवीन, तारखेला हजर करीन. पहिल्या वाक्यावर ती थांबली. "मी आठला निघते, सातला घरी येते. दूर कशी ठेवू, ते बी लिहा." तशी ओळ छापील फॉर्मात नाही. परिविक्षा अधिकाऱ्यांनी ती आपल्या नोंदीत घेतली, आणि मला वाटतं या आठवड्यात कागदावर आलेलं सगळ्यात खरं वाक्य तेच.

पुढचं बोलणं शाळेचं. नववीत शाळा सुटलीये. सतरा नंबरचा फॉर्म भरला तर बाहेरून दहावीला बसता येईल, हे अधिकाऱ्यांनी समजावलं. सिन्नरला शाळेपेक्षा दुसरीच चिंता. पुढे पोलीस भरतीला हे निघेल का? ज्यांनी पकडलं त्यांच्यातच जायचंय त्याला! कायद्याप्रमाणे बालपणीच्या अशा प्रकरणामुळे मोठेपणी अपात्र ठरवता येत नाही, असं त्याला सांगितलं. त्याने ते दोनदा विचारलं.

जमा वस्तू परत केल्या, यादीवर सही झाली. मग आई खुर्चीवरून उठेचना. म्हणाली, "साहेब, पुढची तारीख माझ्या सुट्टीच्या वारी नाही का लावून मिळणार?"

मंडळाच्या बैठकीचे वार ठरलेले असतात. तिची सुट्टी भलत्याच वारी. तरी एक साधा अर्ज लिहून दिला. आईचं हजर राहणं तेवढंच गरजेचं असेल तेव्हा बोलवावं, एरवी मुलाला मामासोबत येऊ द्यावं, मामाचा फोन नंबर खाली. तिने सही केली आणि झेरॉक्स मागितली, सुपरवायझरला दाखवायला. मशीन बंद होतं. मोबाईलवर फोटो काढून दिला.