ॲक्सेसची फाइल नव्या लॅपटॉपवर उघडेना, तेव्हा

आमच्या वाचनालयाचे सभासद, वर्गणी, अनामत, पुस्तकांची देवघेव असं सगळं मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅमच्या एका जुन्या एमडीबी फाइलवर (ॲक्सेसचा जुना फाइल प्रकार) चालतं. जुना कॉम्प्युटर कुरकुरायला लागला म्हणून समितीने लॅपटॉप घेतला आणि फाइल पेन ड्राइव्हने त्यावर आणली. मेनू दिसला, पण 'सभासद' बटण दाबलं की एरर 3044: ई ड्राइव्हवरचा अमुक पाथ (फाइलचा पत्ता) व्हॅलिड नाही. लॅपटॉपला ई ड्राइव्हच नव्हता. ग्रंथपाल मॅडम घाबरल्याच. "अहो, सगळे सभासद गेले की काय?"

गेलं काहीच नव्हतं. टेबलांच्या यादीत प्रत्येक नावाशेजारी छोटा बाण होता, म्हणजे ती लिंक केलेली टेबलं, दुसऱ्या फाइलमधला डेटा इथे नुसता दाखवणारी. त्यावर माउस नेऊन थांबलं की पूर्ण पाथ दिसतो. तिथे ई ड्राइव्हवरच्या दुसऱ्याच एका एमडीबीचं नाव होतं. आणलेल्या फाइलमध्ये फक्त फॉर्म, रिपोर्ट आणि कोड. खरा डेटा अजून जुन्या हार्ड डिस्कवरच होता. अशा वेळी जुनं मशीन फॉरमॅट करायची घाई अजिबात करू नये, हे मी कळकळीने सांगतो.

डेटाची फाइल पेन ड्राइव्हवर घेतली. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये पेन ड्राइव्हला ई हे अक्षर दिलं असतं तर काम लगेच चाललं असतं, पण रोजच्या वापराला ते धोक्याचं: नोंद चालू असताना कुणी पेन ड्राइव्ह उपसला तर डेटाबेस करप्ट होऊ शकतो. म्हणून डेटा सी ड्राइव्हवरच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवला. मग 'एक्स्टर्नल डेटा'मधून लिंक्ड टेबल मॅनेजर उघडला, सगळी टेबलं निवडली, नवी जागा विचारण्याच्या चौकटीत टिक केली आणि नवी फाइल दाखवली. सभासद दिसले!

तरी थकबाकीची यादी छापताना पुन्हा तोच ई ड्राइव्ह. हा पत्ता लिंकमध्ये नव्हता, कोडमध्ये होता. ऑल्ट-एफ11 दाबून व्हीबीए, म्हणजे ॲक्सेसमधला कोड लिहायची जागा, उघडलं, पूर्ण प्रोजेक्टमध्ये 'ई:' शोधलं आणि जिथे जिथे सापडलं तिथे करंटप्रोजेक्ट.पाथ घातलं. त्यामुळे मेनूची ही फाइल आता ज्या फोल्डरमध्ये असेल तोच पाथ आपोआप धरला जातो.

नंतर देवघेवीच्या खिडकीवरचा कॉम्प्युटरही नेटवर्कने जोडला. तिथे मॅप केलेला झेड ड्राइव्ह, म्हणजे नेटवर्कवरच्या फोल्डरला दिलेलं ड्राइव्हचं अक्षर, वापरला नाही. प्रत्येक मशीनवर ते अक्षर वेगळं असू शकतं. त्याऐवजी नेटवर्कचा पूर्ण पत्ता दिला: दोन उलटे स्लॅश, लॅपटॉपचं नाव, शेअर केलेल्या फोल्डरचं नाव. त्या फोल्डरवर नुसती वाचायची परवानगी पुरत नाही. फाइल उघडताच ॲक्सेस शेजारी एलडीबी ही लॉक फाइल तयार करतं, त्यामुळे खिडकीवरच्या युजरला लिहिण्याची आणि डिलीट करण्याची परवानगीही द्यावी लागली.