‘छेल्लो शो’ बघून घरी प्रोजेक्टर करायचाय?

पान नलिन यांच्या ‘छेल्लो शो’ या चित्रपटात (२०२१) आईने दिलेला डबा थिएटरात प्रोजेक्टर चालवणाऱ्या फझलला खिलवून त्याच्या केबिनमध्ये ठाण मांडणारा छोटा समय सगळ्यांनाच आवडतो. मला विचाराल तर पोरं भंगारातून प्रोजेक्टर उभा करतात, तो भाग खरा. तो बघून घरची मुलं मागे लागणारच.

साधारण १० सेंमी नाभीय अंतराचं भिंग घ्या. दिवसा खोलीतले दिवे बंद करून ते खिडकीसमोरच्या भिंतीजवळ धरा. घोडबंदर रोडला समोर टॉवर असतोच. त्याच्या खिडक्या भिंतीवर उलट्या, रेखीव उमटल्या की भिंग ते भिंत मोजा. तेच नाभीय अंतर.

फिल्म म्हणून माळ्यावरच्या जुन्या ३५ मिमी निगेटिव्ह चालतात. पावसाळ्यात बुरशी धरली असेल तर ओल्या फडक्याने पुसू नका, चित्राचा थरच निघून येतो. पट्टी उलटी धरायची, भिंगापासून १०.७ सेंमीवर. मग दीड मीटरवरच्या भिंतीवर ३६ मिमीची फ्रेम अर्धा मीटर रुंद दिसते. मागे एलईडी टॉर्च आणि मध्ये ट्रेसिंग पेपर, नाहीतर मधोमध नुसता पांढरा डाग पडतो. जुना पिवळा बल्ब नको. उष्णतेने पट्टी वाकते आणि फोकस जातो. कडा धूसर असतील तर भिंगावर २ सेंमी भोकाचा काळा पुठ्ठा लावा. उजेड थोडा कमी होईल, तो होऊ दे.

आता पट्टी हाताने ओढा. नुसते ओघळ दिसतील, कारण फ्रेम थांबत नाही. थिएटरच्या जुन्या फिल्म मशीनमध्ये माल्टीज क्रॉस नावाचं चार खाचांचं चाक असतं. ते पाव फेरा फिरतं, तेवढ्यात फिल्मच्या कडेची चार भोकं, म्हणजे एक फ्रेम, पुढे सरकते आणि थांबते. सेकंदाला असं २४ वेळा. सरकताना शटर उजेड अडवतं, शिवाय फ्रेम थांबलेली असतानाही एकदा. त्यामुळे ४८ उघडझापी होतात आणि लुकलुक जाणवत नाही.

हे धक्के फिल्मला सोसावेत म्हणून गेटच्या, म्हणजे भिंगामागे फ्रेम थांबते त्या जागेच्या, वर आणि खाली फिल्मचा सैल लूप ठेवतात. वरचा आखडला तर भोकं फाटतात. खालचा गेला तर गंमत वेगळीच: आवाज वाचणारा भाग चित्राच्या २० फ्रेम पुढे असतो, ते अंतर बदलतं आणि ओठ एकीकडे, संवाद दुसरीकडे. ठाण्यात वंदना टॉकीजच्या नावाने आजही एसटीचा थांबा ओळखला जातो. तिथल्या पिढीने अशा वेळी मारलेल्या शिट्ट्या ऑपरेटरला उद्देशून असत, पण बऱ्याचदा गुन्हेगार तो लूपच.