समासातले ठिपके

कोल्हापुरात आमचा आठवीचा वर्ग रस्त्याच्या बाजूला होता. खाली भाजीवाल्यांची ओरड, गणपतीत तालमीच्या पोरांची हलगी, आणि शाहू स्टेडियमवर पीटीएम-शिवाजीची फुटबॉल मॅच असली की गोलची आरोळी थेट बीजगणितात घुसायची. खिडकी लावून उपयोग नव्हता, निम्म्या तावदानांना काचाच नव्हत्या.

गणिताच्या सरांनी यावर भलताच उपाय काढला. उदाहरण सोडवताना मन भटकलेलं ध्यानात आलं की समासात पेन्सिलीनं एक ठिपका द्यायचा आणि पुढची पायरी लिहायची. सुरुवातीला माझ्या समासाला मुंग्याच लागल्या! आता छड्या बसणार म्हणून मी हात पुढं केला. सर वही चाळत म्हणाले, "ठिपका दिलास म्हंजे माघारी आलास की रं." उभं केलं ते कोऱ्या समासाच्या पोराला. "मन गेलेलं तुला कळलंच न्हाई, लेका!" एकदा स्टेडियमवरून आरोळी उठली, तेव्हा फळ्याच्या कोपऱ्यात सरांनी खडूनं स्वतःचाही ठिपका दिला. वर्ग हसला. सरांचं समीकरण पुढं चालू.

विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १८९० मध्येच लिहून ठेवलंय, की भटकणारं लक्ष पुन्हा पुन्हा माघारी आणता येणं हेच विवेकाचं आणि इच्छाशक्तीचं मूळ. सरांनी तो वाचला असेल असं मला वाटत नाही.

नेमबाजांचंही तेच असावं. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे, सगळी आपल्या जिल्ह्याची माणसं. स्वप्नीलनं २०२४ ला पॅरिसमध्ये ज्या प्रकारात ब्राँझ घेतलं, त्यात ५० मीटरवरचं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं असतं. गुडघ्यावर बसून, आडवं पडून, उभं राहून मारायचं. एक गोळी हुकली म्हणून तिच्यातच मन अडकलं, तर पुढचीही गेली.

शिरोली एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. जॉबचा, म्हणजे घडवायच्या भागाचा, बोअर (आतलं भोक) दोन शतांश मिलिमीटरनं मोठा झाला तरी जॉब भंगारात जातो. मोबाईल दारातल्या पेटीत ठेवायचा नियम केलाय, पण पेटीतला मोबाईलही डोक्यात वाजतोच. म्हणून जॉब कार्डाच्या कडेला ठिपके द्यायला लावतो. पोरं मला हसतात, देतात मात्र. परवा एकाचं कार्ड अगदी कोरं आलं. त्याचे सगळे जॉब मी स्वतः मायक्रोमीटर घेऊन पुन्हा तपासले.