बुडापेस्टचे न्यूयॉर्क कॅफे: विमा कंपनीच्या इमारतीतले साहित्यिकांचे घर

बुडापेस्टच्या पेश्ट भागात, ब्लाहा लुयझा चौकापासून थोडे चालत गेले की एर्झेबेत हमरस्त्यावर मनोरा असलेली एक भव्य इमारत दिसते. हंगेरीच्या राजधानीतल्या कॅफेला ‘न्यूयॉर्क’ हे नाव पडले, कारण अमेरिकेतील न्यूयॉर्क लाइफ या विमा कंपनीने आपल्या कचेरीसाठी ही इमारत बांधून घेतली होती. आलायोश हाउसमान या वास्तुविशारदाने तिचा आराखडा केला आणि २३ ऑक्टोबर १८९४ रोजी तळमजल्यावरचे कॅफे सुरू झाले. आत पाऊल टाकताच पीळदार संगमरवरी खांब, सोनेरी नक्षी आणि छतावरची चित्रे यांनी नजर अक्षरशः भांबावते. मला स्वतःला हा थाट थोडा अतिच वाटला.

या जागेचे खरे वैभव मात्र सोन्याच्या मुलाम्यात नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी नवोदित लेखकांना इथे कागद आणि शाई फुकट मिळत असे, शिवाय मांसाचे गार काप आणि चीज असलेली, खास लेखकांसाठीची स्वस्त थाळीही मिळे. आपल्याकडच्या इराण्याप्रमाणे एका कपावर तासन् तास बसणाऱ्यांना येथेही कोणी उठवत नसे. १९०८ साली निघालेल्या ‘न्यूगात’ या आधुनिक हंगेरियन साहित्याच्या प्रमुख नियतकालिकाचे संपादक एर्नो ओश्वात वरच्या सज्जातील टेबलावर बसून हस्तलिखिते वाचत, त्यामुळे होतकरू कवींच्या दृष्टीने तो जिना चढणे म्हणजे परीक्षाच होती. कॅफे रात्रंदिवस उघडे राहावे म्हणून नाटककार फेरेन्स मोल्नार यांनी त्याच्या किल्ल्या डॅन्यूब नदीत फेकल्या, अशी आख्यायिका सांगतात. ती खरी नसली तरी त्या काळच्या लेखकांना या जागेविषयी काय वाटत होते, हे तिच्यातून नेमके कळते.

दुसऱ्या महायुद्धानंतर या दालनात काही काळ क्रीडासाहित्याचे दुकान होते. १९५४ मध्ये ते ‘हंगेरिया’ या नावाने पुन्हा कॅफे म्हणून उघडले, कारण साम्यवादी राजवटीला अमेरिकन शहराचे नाव मानवणारे नव्हते. पुढे बोस्कोलो या इटालियन हॉटेल कंपनीने इमारत विकत घेऊन तिचे नूतनीकरण केले आणि २००६ पासून वरचे मजले आलिशान हॉटेल झाले. आता दारात पर्यटकांची रांग असते आणि कॉफीचा दर असा आहे की ओश्वात यांना भेटायला येणाऱ्या त्या कवींपैकी बहुतेकांना तो परवडला नसता.