‘नक्की?’ म्हटलं की बाराचे तेरा होतात

आमची लेक यंदा एडिनबरोच्या शाळेत प्रायमरी वनला जायला लागली. इथे साडेचार-पाचाव्या वर्षी मुलं पहिलीत बसतात. बसतात म्हणजे बसत नाहीतच. वाळू, पाणी, ठोकळे, मातीचा ‘चहा’ यांत दिवस जातो. कोल्हापूरहून आईचा दर रविवारी एकच प्रश्न: “अगं, शिकवतात कधी?”

आई निवृत्त शिक्षिका. मग व्हिडिओ कॉलवर ती स्वतःच परीक्षा घेते. “सात आणि पाच किती?” “बारा.” “नक्की?” लेक एकदा माझ्याकडे बघते, एकदा स्क्रीनकडे, आणि चाचरत म्हणते, “तेरा?”

बारा तिला येत होते. मग तेरा कुठून आले? गंमत म्हणजे याचं बरंचसं उत्तर याच गावच्या विद्यापीठात सापडतं.

मुलं विचार कसा करतात, याचा अभ्यास करणारा स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे बी.एड. केलेल्यांना पाठ असतो. त्याचा एक गाजलेला प्रयोग असा: सोंगट्यांच्या दोन सारख्या रांगा मांडायच्या आणि मुलाला विचारायचं, दोन्हीकडे सारख्याच आहेत ना? मूल हो म्हणतं. मग त्याच्यादेखत एक रांग पसरवून लांब करायची आणि पुन्हा तेच विचारायचं. पाच वर्षांचं मूल बहुधा म्हणतं, लांब रांगेत जास्त आहेत. यावरून पियाजेने ठरवलं की या वयात संख्येची समज पक्की नसते.

मार्गारेट डोनाल्डसन एडिनबरो विद्यापीठात मानसशास्त्र शिकवायच्या. जिनिव्हाला जाऊन पियाजेचं काम त्यांनी जवळून पाहिलं होतं. १९७४ च्या सुमारास त्यांनी आणि जेम्स मॅकगॅरिगल यांनी हाच प्रयोग चार ते सहा वर्षांच्या मुलांवर केला, पण एक बदल करून. रांग मोठ्या माणसाने नाही, खोक्यातून निसटलेल्या खोडकर टेडीने विस्कटायची. मोठ्यांनी रांग हलवली तेव्हा जेमतेम १६ टक्के मुलं बरोबर होती. टेडीने विस्कटली तेव्हा ६३ टक्के!

डोनाल्डसनबाईंचं म्हणणं असं, की मूल नुसता प्रश्न ऐकत नाही, विचारणाऱ्याच्या मनात काय आहे तेही ताडत असतं. बाईंनी मुद्दाम रांग हलवली आणि तोच प्रश्न परत विचारला, म्हणजे आता उत्तर वेगळं हवं असणार. टेडीचं काय, त्याने धसमुसळेपणा केला, एवढंच. यावर पुढे वाद झाले. टेडीच्या गोंधळात मुलांचं सोंगट्यांकडे लक्षच नव्हतं, असंही काहींनी दाखवलं. पण आमचे बाराचे तेरा का झाले, ते मला डोनाल्डसनबाईंकडूनच कळलं.

लेकीच्या वर्गात मी एकदा मदतीला गेले होते. तिथल्या बाई ‘नक्की?’ म्हणत नाहीत. “कसं काढलंस, दाखव” म्हणतात, आणि उत्तर बरोबर असलं तरी म्हणतात. त्यामुळे प्रश्न आला म्हणजे आपलं चुकलं, असं मुलांना वाटत नाही. एक पोरगा बोटं मोडून दाखवत होता, सहाव्या बोटावर अडला आणि आपलं आपणच हसून पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला.

हे सगळं आईला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “वर्गात पोरं किती?” स्कॉटलंडात पहिलीच्या वर्गाला २५ ची मर्यादा आहे, म्हटलं.

“माझ्याकडे साठ होती. एकेकाला ‘कसं काढलंस’ विचारत बसले असते, तर बेचा पाढा दिवाळीपर्यंत चालला असता.”