गेंड्या आणि सोंड्या

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत नारळाचा शेंडा जरा वाकडा दिसला की कोणीतरी म्हणतंच, "भुंगा लागलाय, काढून टाका झाड." माझा प्रश्न ठरलेला: कुठला भुंगा? नारळाचे मोठे शत्रू दोन, गेंड्या आणि सोंड्या. त्यांची तऱ्हा अगदी उलटी आहे.

गेंड्या काळा, चकचकीत, चारेक सेंटिमीटर लांब, डोक्यावर मागे वळलेलं शिंग. नराचं जास्त मोठं. रात्री उडतो, उजेडाकडे येतो, म्हणून जिन्यातल्या दिव्याखाली उताणा पडलेला सापडतो. इथे त्रास पूर्ण वाढलेल्या किड्याचा. शेंड्यातल्या मिटलेल्या कोवळ्या पानात शिरून तो रस खातो. ते पान उलगडतं तेव्हा झावळीला कात्रीने त्रिकोण कापल्यासारखे दिसतात. अळी मात्र जित्या झाडाला शिवत नाही. ती वाढते शेणखतात, कुजक्या ओंडक्यात. आमच्या खताच्या खड्ड्यातही निघाल्या होत्या, अंगठ्याएवढ्या जाड, पांढऱ्या, वळून पडलेल्या. सगळं खत उपसून वेचून काढल्या.

सोंड्या तांबूस, थोडा लहान, पुढे लांब सोंड. याच्यात घात करते ती अळी. मादी झाडाच्या जखमेत अंडी घालते आणि बिनपायांच्या अळ्या खोड आतून पोखरत जातात. वरून झाड हिरवंगार! मग कधीतरी खोडाच्या भोकातून तपकिरी चिकट पाणी येतं, चावलेला भुसा बाहेर पडतो. खोडाला कान लावला तर कुरतडणं ऐकू येतं. नारळाला वाढीचा कोंब एकच. तो गेला की झाड गेलं. १९८०च्या दशकात हाच किडा आखाती देशांत पोचला आणि तिथल्या खजुरांच्या मुळावर उठला.

मला विचाराल तर सोंड्या जास्त भयंकर, पण बंदोबस्त गेंड्यापासून करावा, कारण त्याने पाडलेल्या भोकांतून सोंड्याला वाट मिळते. शेंड्यातला गेंड्या आम्ही लोखंडी आकड्याने ओढून काढतो, वरच्या झावळ्यांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड आणि वाळू भरतो. नारळ काढायला येणाऱ्या दादांना खोडावर कोयत्याने खाचा पाडू देत नाही. दोर लावून चढा, वेळ लागला तरी चालेल. हिरवी झावळ तोडायचीच झाली तर देठ मीटरभर लांब ठेवून तोडायची.